वाचकांचे प्रश्न : नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत, पोलीस म्हणतात गुन्हा नाही

प्रश्न : माझे पती आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. गेले वर्षभर ‘डबल ड्युटी लागली’ म्हणून आठवड्यातून दोन-तीन रात्री घरी येत नव्हते. धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात पगाराची स्लिप सापडली, तर ओव्हरटाइमच्या रकान्यात शून्य. नंतर कळले की बदलापूरला एका बाईबरोबर भाड्याने खोली घेतली आहे. विचारल्यावर कबूल केले, माफी मागितली. सासूबाई आणि दिरांनी बैठक बसवून मिटवले. मी पुन्हा नांदले. आता परत तेच सुरू झाले आहे. पोलीस ठाण्यात गेले तर ‘हा आता गुन्हा राहिला नाही’ म्हणाले. पती म्हणतात, कोर्टात गेलीस तर एक पैसा देणार नाही, राहते घर माझ्या नावावर आहे. मी काय करू? – एक भगिनी, अंबरनाथ पूर्व

उत्तर : ताई, पोलिसांनी सांगितले ते बरोबर आहे, पण अर्धेच. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेचे व्यभिचाराचे कलम 497 रद्द केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते परत आले नाही. जुने कलम असते तरी तुमच्या उपयोगाचे नव्हतेच. त्यात तक्रारीचा हक्क फक्त त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला होता. फसवल्या गेलेल्या बायकोला कुठेच जागा नव्हती. 1985 मध्ये हे कलम वैध ठरवणारे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते आणि 2018 मध्ये ते मोडीत काढणाऱ्या पीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. ते कलम गेले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

गुन्हा गेला, घटस्फोटाचे कारण मात्र जागेवर आहे. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 13(1)(i) : लग्नानंतर जोडीदाराने दुसऱ्या व्यक्तीशी स्वेच्छेने शरीरसंबंध ठेवले, तर घटस्फोट मागता येतो. 1976 च्या दुरुस्तीआधी ‘व्यभिचारात राहत असणे’ सिद्ध करावे लागे. आता एकदा घडलेली गोष्टही पुरते. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. पतीने त्या बाईशी लग्न लावले असेल, तर मात्र तो आजही गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट : बैठक. नातेवाईक म्हणतात ‘झाले गेले विसरा’, आणि बाई पुन्हा नांदायला लागते. कायद्यात याला किंमत आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम 23 सांगते की जोडीदाराची चूक माफ करून संसार पुन्हा सुरू केला असेल, तर त्याच चुकीवर घटस्फोट मिळत नाही. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा पुण्याच्या दांपत्याचा खटला वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. 19 मार्च 1975 च्या त्या निकालात पत्नीची क्रूरता सिद्ध झाली, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आणि तरीही पतीची मागणी फेटाळली. कारण त्यानंतरही दोघांचे वैवाहिक संबंध चालू होते. पण त्याच निकालाने तुमच्या हिताचे तत्त्वही मांडले. माफी नेहमी सशर्त असते. समोरच्याने पुन्हा तसेच वागायला सुरुवात केली, की जुना दोषही जिवंत होतो. म्हणून बैठकीच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही प्रसंग याचिकेत तारखांसह वेगवेगळे लिहा. आता पुन्हा बैठक बसली तर ‘विचार करून सांगते’ एवढेच म्हणा. आणि स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेल्या सोडचिठ्ठीवर सही अजिबात करू नका. समाजात तशी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध झाल्याशिवाय अशा कागदाने लग्न मोडत नाही.

पुरावा कोणता? असे संबंध कोणी साक्षीदार बोलावून ठेवत नाही, हे न्यायालयालाही कळते. फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा इथे लागत नाही. शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहतात. हेही दास्ताने निकालातच आहे. पण मोघम आरोप चालत नाही. कोण, कुठे, केव्हा, ते सांगावे लागते. तुमच्याकडची पगाराची स्लिप साधी वाटली तरी बोलकी आहे. ओव्हरटाइमला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. ड्युटी झाली असती तर रकान्यात शून्य नसते. कंपनीचे हजेरीचे आणि पंचिंगचे रेकॉर्ड न्यायालयामार्फत मागवता येते. बदलापूरच्या खोलीचा भाडेकरार झाला असेल, तर महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, म्हणजे तोही मागवता येईल. खोलीमालक आणि शेजारी साक्षीला येऊ शकतात.

पतीने फोनवर तुमच्याशी बोलताना कबुली दिली असेल आणि ती रेकॉर्ड झाली असेल, तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नवरा-बायकोमधले गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषणही घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2025 रोजी स्पष्ट केले. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते. याचा अर्थ पतीच्या फोनमध्ये हेरगिरीचे ॲप टाकायचे किंवा ‘कॉल रेकॉर्ड काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे द्यायचे, असा मुळीच नाही. 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी नेमक्या याच धंद्यात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. फसवली गेलेली बाई स्वतःच आरोपी होऊन बसावी, याइतके वाईट काही नाही. कॉलचा तपशील हवा तर न्यायालयाकडे अर्ज करा.

एवढे करूनही व्यभिचाराचा मुद्दा सिद्ध करणे कठीण जाते. त्यामुळे याचिकेत केवळ त्याच्यावर विसंबू नका, कलम 13(1)(ia) खाली मानसिक क्रूरताही मांडा. वर्षभराची खोटी ‘डबल ड्युटी’, कबुलीनंतर पुन्हा तोच प्रकार, पैसे न देण्याची धमकी, हे सगळे त्यात बसते. कलम 22 प्रमाणे सुनावणी बंद दालनात होते, त्यामुळे चाळीत चर्चा होईल ही भीती मनातून काढून टाका.

आणि पैशांची धमकी पोकळ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगी मागायला घटस्फोट व्हावा लागत नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्ज लवकर करा. घर पतीच्या नावावर असले, तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 ने तुम्हाला तिथे राहण्याचा हक्क दिला आहे. रागाच्या भरात माहेरी निघून जाऊ नका. जिवाला धोका असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका.

प्रश्न : पत्नी दीड वर्षापासून वेगळी राहते. तिचे दुसऱ्याशी संबंध आहेत आणि धाकटा मुलगा माझा नाही असा संशय आहे. डीएनए चाचणी मागता येईल का? पोटगी थांबेल का? – एक कामगार, बदलापूर

उत्तर : केवळ संशयावर चाचणी मिळणार नाही. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे साक्ष्य अधिनियमाचे कलम 116 मानते. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीची भेटच शक्य नव्हती, हे दाखवले तरच ते खोडता येते. पुण्यातल्या अशाच एका दाव्यात कुटुंब न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने मुलाच्या चाचणीला परवानगी दिली होती. 20 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आईवरचा आरोप सिद्ध करायला लेकराला साधन बनवता येणार नाही, हे त्या निकालाचे सार आहे आणि ते मला पूर्ण पटते. तुमचा आरोप दुसऱ्या पुराव्यांनी मांडा.

पत्नी ‘व्यभिचारात राहत असेल’ तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144(4) प्रमाणे तिची पोटगी नाकारली जाते. पण त्यासाठी संबंध सातत्याचे आणि सध्याचे असल्याचे दाखवावे लागते. एखादी जुनी घटना पुरत नाही. मुलांची पोटगी मात्र त्यामुळे थांबत नाही. संशयावरून ती बंद करू नका, थकबाकीची वसुली निघेल आणि वॉरंटही निघू शकते.

दोन्ही वाचकांसाठी : विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. औद्योगिक कामगारालाही तोच हक्क आहे, हे एमआयडीसीत फार कमी जणांना ठाऊक आहे. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्या, नाहीतर 15100 या क्रमांकावर फोन करा.