करंजाचे तेल

नदीकाठी, खाडीच्या कडेला किंवा रस्त्याच्या दुतर्फा उभा असलेला करंज आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची सावली दाट असते. परंतु बियांचे तेल कडू असल्यामुळे जेवणात त्याला स्थान नाही. पूर्वी खेडोपाडी या तेलावर दिवे जळत. पुढे रॉकेल आले, वीज आली आणि करंजेल मागे पडले. आता याच तेलापासून बायोडिझेल, म्हणजे इंजिनात जळणारे वनस्पतिजन्य इंधन, तयार करता येते.

ही कल्पना जुनीच आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल पद्धतीचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. परंतु आपल्या देशाला निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणावे लागते. अशा स्थितीत ताटातले तेल यंत्राच्या टाकीत ओतणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून अखाद्य तेलबियांचा शोध सुरू झाला.

प्रथम मोगली एरंडाचे नाव पुढे आले. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर त्याची लागवड करण्याची शिफारस केली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्टही ठरले. पण ते गाठता आले नाही. हे झुडूप कोरड्या जमिनीत जगते खरे. परंतु पाणी आणि खत यांवाचून भरघोस फळत नाही.

करंजाच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवितात आणि त्याची पेंड खत म्हणून उपयोगी पडते. मात्र शेंगा धरण्यास चार ते सात वर्षे लागतात. म्हणून पिकाची जमीन न अडविता बांधावर व ओढ्याकाठी तो लावणे हिताचे.

बी हाती आले, तरी काम संपत नाही. ओलसर बियांच्या तेलात आम्ल वाढते. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल व थोडा क्षार मिसळतात. आम्ल अधिक असले, तर त्या क्षाराचा साबणच होतो. यासाठी बी चांगले वाळवावे. तयार इंधनाचा दुसरा शत्रू हवा होय. हवेतील प्राणवायूमुळे ते खवट होते, त्यात चिकट राळ साचते आणि इंजिनाची गाळणी तुंबते. उजेड, उष्णता, पाणी आणि तांबे-पितळेचा स्पर्श यांनी हा बिघाड लवकर होतो. म्हणून ते काठोकाठ भरलेल्या, बंद व कोरड्या पोलादी पिंपात, थंड जागी ठेवतात आणि त्यात हवेचा परिणाम रोखणारे द्रव्य मिसळतात. युरोपीय मानकानुसार ११० अंश सेल्सिअस तापमानावर हवेचा झोत सोडला, तरी हे इंधन निदान ८ तास टिकले पाहिजे.

झाड वाढविण्यास वर्षे लागतात. त्याचे तेल बिघडण्यास मात्र एका पावसाळ्याची हयगय पुरेशी होते. पिकविणारा, वाळविणारा आणि साठविणारा हे तिघेही दक्ष असतील, तरच करंजाच्या बियांचे चीज होईल.

अभ्यास

१. खाद्यतेलापासून इंधन करणे आपल्या देशाला का परवडणारे नाही?
२. मोगली एरंडाच्या अनुभवावरून कोणता बोध घ्यावा?
३. बायोडिझेल साठविताना कोणती काळजी घ्यावी? कारणे द्या.