युक्त निद्रा

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचे स्थान, आसन आणि मनाचा निग्रह हा सर्व विधी सांगून झाल्यावर भगवंतांनी भोजन व झोप यांचा विषय काढला आहे. घाईने वाचणाऱ्यास हा भाग गौण वाटतो. समाधीच्या उंबरठ्यावर नेऊन पुन्हा स्वयंपाकघरात व शय्यागृहात आणल्यासारखे होते. परंतु ज्याने काही काळ नियमाने ध्यानास बसून पाहिले आहे, त्याला या दोन श्लोकांची निकड तत्काळ पटते. आदल्या रात्री ज्याचा डोळा लागला नाही, तो पहाटे आसनावर बसतो तेव्हा एक तर पेंगतो, नाही तर चिडचिडा होऊन उठतो.

सोळाव्या श्लोकात योग कोणास साधत नाही हे सांगितले आहे : अति खाणाऱ्यास, मुळीच न खाणाऱ्यास, अति झोपणाऱ्यास आणि अति जागणाऱ्यास. सतराव्या श्लोकात हीच गोष्ट विधिरूपाने येते, आणि तेथील क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. प्रथम आहार, त्यानंतर विहार, त्यानंतर कर्मातील चेष्टा, आणि सर्वांच्या शेवटी निद्रा व जागृती. मनुष्याचा दिवस ज्या क्रमाने उलगडतो, जवळजवळ त्याच क्रमाने श्लोक चालतो. निद्रा शेवटी आली, कारण ती आधीच्या तिन्हींचे फळ आहे. आहार अवेळी, विहार नाही, उद्योगास सुमार नाही, आणि रात्री अंथरुणास पाठ टेकताच गाढ झोप मात्र हवी, ही अपेक्षा पेरणी टाळून पिकाची वाट पाहण्यासारखी आहे. अनिद्रेने त्रासलेला मनुष्य बहुधा रात्रीकडेच पाहतो. दोष पुष्कळदा दिवसात असतो.

येथे एका गैरसमजाचा विचार केला पाहिजे. गीतेत अर्जुनास अनेकदा गुडाकेश म्हणजे निद्रेवर विजय मिळविलेला असे संबोधिले आहे, आणि चौदाव्या व अठराव्या अध्यायांत निद्रेची गणना तमोगुणाच्या लक्षणांत केली आहे. त्यावरून काही साधक असा निष्कर्ष काढतात की झोप जितकी कमी तितकी साधना मोठी. तसे असते तर सोळाव्या श्लोकात अति जागणाऱ्यास अति झोपणाऱ्याच्याच पंक्तीस बसविले नसते. तमोगुणी निद्रा म्हणजे कर्तव्याच्या वेळी येणारी, कर्तव्य टाळण्यासाठी ओढून घेतलेली निद्रा. रात्रीची स्वाभाविक विश्रांती तीत येत नाही. अठराव्या अध्यायात तामस धृतीचे वर्णन करताना निद्रेच्या शेजारी भय, शोक व विषाद हेही सांगितले आहेत, हे फार सूचक आहे. दुर्बुद्धी मनुष्य जसा झोपेला सोडीत नाही, तसा काळजीलाही सोडीत नाही. आणि काळजी धरून ठेवणाऱ्यापासून झोप आपोआप दूर जाते.

आजच्या काळात याचे उदाहरण पाहावयाचे असल्यास दिल्लीच्या करोल बागेत पाहावे. या वस्तीत व तिला लागून असलेल्या जुन्या राजेंद्रनगरात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी देशभरातून विद्यार्थी येऊन राहतात. त्यांत महाराष्ट्रातील तरुण-तरुणींची संख्याही लहान नाही. लहानशी खोली, भाड्याची चिंता, घरच्यांच्या आशा आणि समोर परीक्षा. अशा विद्यार्थ्याची रात्र पुष्कळदा पहाटे दोन-तीनला संपते. सायंकाळी अभ्यासास जोर यावा म्हणून चहा घेतला जातो. त्यातील उत्तेजक द्रव्यापैकी निम्मे शरीरातून जाण्यास साधारणपणे पाच तास लागतात, म्हणजे सहा वाजता घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल अकरा वाजताही शिल्लक असतो. पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर सकाळी साडेनऊला सुरू होतो. ज्याच्या शरीराचे घड्याळ महिनोन्‌महिने नऊ वाजता अंथरुणात राहण्यास शिकले आहे, त्याला त्या दिवशी बुद्धीची धार कोठून मिळावी? शिवाय दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम फार मोठ्या अंशी झोपेतच चालते. एका रात्रीत सुमारे ९० मिनिटांची चार ते सहा आवर्तने होतात. गाढ निद्रा रात्रीच्या आरंभी अधिक असते, आणि स्वप्नांची निद्रा पहाटेकडे वाढत जाते. १९५३ साली शिकागो येथे या स्वप्ननिद्रेची ओळख पटली, तेव्हापासून झोपेत मेंदू निष्क्रिय असतो ही समजूत टिकली नाही. तीन तास झोप कापून तीन तास अभ्यास वाढविणारा विद्यार्थी हिशेबात फसतो, तो असा.

याच करोल बागेत झोपेच्या औषधाचा एक मोठा इतिहासही घडलेला आहे. बाजारातून जाणाऱ्या अजमलखान मार्गाला ज्यांचे नाव दिले आहे त्या हकीम अजमलखान यांनी येथे आयुर्वेद व युनानी या दोन्ही विद्यांचे तिब्बिया महाविद्यालय उभारले. १९१६ साली लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब निवर्तले. त्यांच्या प्रोत्साहनाने येथील संशोधनाकडे वळलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळीचे पृथक्करण हाती घेतले. ही मुळी वैद्य आणि हकीम दोघांच्याही परिचयाची. बिहारात तर लोक तिला सरळ वेड्याचे औषध म्हणत आणि झोप न येणाऱ्या, आरडाओरड करणाऱ्या रुग्णास देत. १९३१ साली सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी तिच्यातून वेगळ्या केलेल्या स्फटिकरूप द्रव्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील एकास त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवर या मुळीचा गुण येतो असे लिहिले.

पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. अजमलीन हे निद्रेचे औषध नव्हते. ते हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या संबंधात उपयोगी पडले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपला सर्पगंधेचा अनुभव इंग्लंडच्या हृदयविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्यांचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे या मुळीतून रिसर्पिन नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले. शांत करण्याचा गुण प्रामुख्याने त्यातच होता. काही वर्षे मनोरुग्णालयांतून त्याचा मोठा बोलबाला झाला; अनावर रुग्ण त्याने निवळत. परंतु लवकरच वैद्यांना दिसून आले की काही रुग्णांना त्याने खोल खिन्नता येते, आणि काहींना दुःस्वप्ने पडतात. मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली जी द्रव्ये मनाला उत्साह व जागृती देतात, त्यांचाच साठा हे औषध रिकामा करीत होते. मनोरोगांवरचे औषध म्हणून त्याचा मान पुढे ओसरला. मुळी खोटी नव्हती आणि संशोधनही खोटे नव्हते. फक्त मनुष्य निपचित पडणे आणि मनुष्यास विश्रांती मिळणे या दोन अवस्था भिन्न आहेत, हे या इतिहासाने दाखवून दिले. आजच्या झोपेच्या गोळ्यांविषयीही बरीचशी हीच गोष्ट खरी आहे. अल्पकाळ, वैद्याच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग असतो. दीर्घकाळ घेतल्यास पुष्कळ गोळ्यांची सवय जडते. जे दीर्घकाळ घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून त्या एकाएकी टाकू नयेत. त्या वैद्याच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावयाच्या असतात.

मग उपाय कोणता? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रा हा शरीराचा आधारस्तंभ मानला आहे, आणि एकविसाव्या अध्यायात निद्रेचे सविस्तर विवेचन आहे. मन शिणले, इंद्रिये थकून आपल्या विषयांपासून परतली, म्हणजे मनुष्य झोपतो, असा चरकांचा आशय आहे. त्याच ठिकाणी अति झोप येणाऱ्यास ती आवरण्याचे उपाय दिले आहेत, आणि त्या यादीत भय, चिंता, क्रोध, उपवास व गैरसोयीची शय्या यांचा समावेश आहे. ती यादी अनिद्रेच्या रुग्णाने एकदा शांतपणे वाचावी. जे औषध अति झोपाळू माणसासाठी सांगितले, तेच तो रोज रात्री न चुकता स्वतःस देत असतो!

आधुनिक वैद्यकाचे म्हणणे याहून फार दूर नाही. झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, जागेपणाचे तास जसजसे वाढतात तसतशी साठत जाणारी झोपेची ओढ. आणि दुसरी, प्रकाशावर चालणारे शरीराचे आंतरिक घड्याळ. दुपारी दोन तास झोपणारा पहिली खर्च करून टाकतो. मध्यरात्रीपर्यंत भ्रमणध्वनीचा उजळ पडदा डोळ्यांसमोर धरणारा दुसरे मागे ढकलतो. दीर्घकालीन अनिद्रेवर प्रथम गोळी न देता सवयी व विचार यांच्या शिस्तीचा उपचार करावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१६ साली केली. त्या उपचारातील एक नियम १९७२ पासून प्रसिद्ध आहे, आणि तो साधकास सहज समजेल. अंथरूण केवळ झोपेसाठी ठेवावे. झोप येऊ लागल्यावरच त्यावर जावे. बराच वेळ तळमळत पडावे लागले तर उठून दुसऱ्या जागी मंद उजेडात शांत बसावे, आणि डोळे जड झाले म्हणजे परत यावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे. आसनाचे जे रहस्य तेच शय्येचे. ज्या जागी नित्य जे करावे, त्या जागी मन तेच करू लागते. अंथरुणात पडून उद्याच्या देण्याघेण्याचा हिशेब करणाऱ्याचे अंथरूण ही त्याची पेढी होऊन बसते. हा हिशेब सायंकाळीच कागदावर उतरवून ठेवावा.

जपाविषयीही एक सूचना आवश्यक आहे. झोप यावी म्हणून जप करणारा दर पाच मिनिटांनी झोप आली काय हे तपासतो, आणि त्या तपासणीनेच जागा राहतो. जप जपासाठी करावा. झोप आली तर येऊ द्यावी, न आली तर जप घडलाच. फलाची आसक्ती सोडण्याचा अभ्यास यापेक्षा सोप्या जागी क्वचितच मिळेल.

प्रत्येक अनिद्रा मनाची नसते, हेही सांगितले पाहिजे. झोपेत मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकून दचकणे, आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील तर घशातील श्वासमार्ग झोपेत वारंवार मिटत असण्याचा संभव असतो. याने रक्तदाबही वाढतो. घोरणे हे गाढ झोपेचे चिन्ह मानून घरची माणसे हसतात, ते योग्य नव्हे. रात्री पायांत विचित्र अस्वस्थता येऊन ते हलविल्याशिवाय राहवत नसेल, तर रक्तातील लोह तपासून घ्यावे. रोज पहाटे फार लवकर जाग येऊन मन काळवंडलेले असेल, तर तो वैराग्याचा उदय समजू नये. मानसरोगतज्ज्ञाची भेट घ्यावी.

भोवतालच्या गोंगाटाचे उत्तर मात्र एकट्या व्यक्तीच्या हाती नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. दिल्लीच्याच रामलीला मैदानात जून २०११ मध्ये झोपलेल्या जनसमुदायावर मध्यरात्री झालेल्या पोलीस कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी निर्णय दिला. त्यात शांत झोप ही जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानली गेली. मंदिरांच्या व उत्सवमंडळांच्या चालकांनीही हे ध्यानी घ्यावे. शेजाऱ्याची झोप मोडून झालेल्या कीर्तनाचे पुण्य कोणाच्या पदरी पडणार?

शेवटी ब्राह्ममुहूर्ताचा प्रश्न राहतो. अनेक साधक वर्षभर चारला उठण्याचा नेम धरतात व अकराला निजतात. म्हणजे त्यांना पाचच तास मिळतात, आणि प्रौढ मनुष्यास साधारणतः सात तास तरी लागतात. ब्राह्ममुहूर्त घड्याळाच्या आकड्यास बांधलेला नाही, तो सूर्योदयास बांधलेला आहे. सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटे, तो सुरू होतो. दिल्लीत जानेवारीच्या आरंभी सूर्य सुमारे सव्वासातला उगवतो. तेव्हा हा मुहूर्त पाच-चाळीसच्या सुमारास लागतो. करोल बागेतील जो दुकानदार नऊला दुकान बंद करून साडेदहाला निजतो, त्याला साडेपाचपर्यंत सात तास मिळून मुहूर्तही साधतो. जूनमध्ये सूर्योदय साडेपाचच्याही आधी होतो आणि मुहूर्त चारच्या आत येतो. त्या ऋतूत त्याच माणसास तो गाठणे जड जाते. ज्यास तरीही गाठावयाचा असेल त्याने रात्री लवकर निजण्याची सोय करावी, आणि ते शक्य नसेल तर दुपारी थोडा वेळ पडावे. एरवी दिवसा झोपण्यास विरोध करणाऱ्या चरकांनी, रात्री लहान असतात म्हणून, ग्रीष्मात तेवढी मोकळीक दिलेली आहे.