नरनाळा किल्ला : दंतकथा आणि पुरावा
(इयत्ता चौथी, परिसर अभ्यास : पाठाची रूपरेषा)



मी नवा शिक्षक असताना वर्गात ठासून सांगितले, "नरनाळा किल्ला नरनाळसिंग राजाने बांधला." एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे कशावरून?" मी त्याला खाली बसविले. तो प्रश्न मला अद्याप टोचतो. त्याचे उत्तर म्हणून हा पाठ.

उद्देश : ऐकीव गोष्ट व पुरावा यांतील भेद मुलांना कळावा.

प्रस्तावना : आपल्या अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, अकोट तालुक्यात शहानूर गावावरील सातपुड्याच्या रानात हा किल्ला आहे. १९९७ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. मुलांनी घरी ऐकलेल्या गोष्टी प्रथम त्यांच्याच तोंडून येऊ द्याव्या.

विषयविवेचन : फळ्यावर दोन पुरावे मांडावे.

१. महाकाली दरवाजावरील शिलालेख. त्यावरून हा दरवाजा १४८७ मध्ये बहामनी सरदार फतहुल्ला इमादुल्मुल्क याच्या काळी झाला, असे कळते. परंतु हे वय दरवाजाचे, किल्ल्याचे नव्हे. शाळेच्या नव्या खोलीवरील पाटी वाचून गावाचे वय ठरविता येईल काय?

२. फिरिश्ता या इतिहासकाराची नोंद. अहमदशहा बहामनीने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला व नरनाळ्याची डागडुजी केली, असे तो लिहितो. डागडुजी जुन्या वास्तूचीच होते. म्हणजे किल्ला त्याहून प्राचीन असला पाहिजे. मात्र फिरिश्ताने हे सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर लिहिले, हेही मुलांस सांगावे.

मूळ बांधणारा कोण, हे या दोन्हींतून कळत नाही. नरनाळसिंगाची कथा ही त्या रिकाम्या जागी लोकांनी ठेवलेली आख्यायिका होय. तिला खोटी म्हणून हिणवू नये. "लोक असे सांगतात" या शब्दांनी ती सांगावी.

उपयोजन : प्रत्येक मुलाने आपल्या गावातील जुनी विहीर, पार किंवा गढी निवडावी. वहीत दोन रकाने आखावे : "लोक सांगतात" व "डोळ्यांनी दिसते". आजी-आजोबांना विचारून पहिला रकाना भरावा आणि प्रत्यक्ष पाहून दुसरा. सहल काढावयाची झाल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

मुलाने "कशावरून?" असे विचारले, तर त्यास खाली बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर "मला ठाऊक नाही, आपण शोधू" असे म्हणा. त्याने शिक्षकाचा मान उणावत नाही.