शिकागोच्या शिक्षकांचा करार

आपल्याकडे खाजगी शाळेतील शिक्षकाची नेमणूक, सेवाज्येष्ठता, रजा आणि बडतर्फी या बाबी १९७७ चा कायदा व १९८१ ची नियमावली ठरवितात. अमेरिकेतील अनेक राज्यांत ही रीत वेगळी आहे. तेथे शिक्षक संघटना आणि स्थानिक शालेय मंडळ समोरासमोर बसून ठराविक वर्षांचा लेखी करार करतात आणि मुदत संपली की पुन्हा वाटाघाटीला बसतात. अशा वेळी पगार किती वाढणार याचीच चर्चा बाहेर होते. परंतु त्याआधीचा प्रश्न अधिक मूलभूत असतो : शिक्षकाला कोणकोणत्या विषयांवर बोलण्याचा अधिकार आहे?

शिकागो शहराचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९९५ साली इलिनॉय राज्याने तेथील शाळा महापौरांच्या हाती सोपविल्या आणि वर्गातील विद्यार्थिसंख्येसारखे विषय सक्तीच्या वाटाघाटीतून वगळले. एका वर्गात किती मुले बसवावीत, हे त्या वर्गात उभ्या राहणाऱ्याने विचारू नये, असाच त्याचा अर्थ. पुढे २०११ च्या कायद्याने संपासाठी एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांची संमती आवश्यक केली; मतदानाला न आलेला सभासद म्हणजे विरोधी मत. संपाच्या वाटेत कायद्याने असे अडसर घालण्याची कल्पना नवी नाही. मुंबई विधिमंडळात १९३८ साली औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास कडाडून विरोध केला होता. संप हा फार तर कराराचा भंग ठरेल, तो गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, हे त्यांच्या युक्तिवादाचे मर्म होते.

शिकागोत जून २०१२ मध्ये एकूण सभासदांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी संपाच्या बाजूने मत दिले. १० सप्टेंबरला संप सुरू झाला. संघटनेच्या अध्यक्षा कॅरेन लुईस या रसायनशास्त्राच्या शिक्षिका, तर महापौर होते राह्म इमॅन्युएल. सुमारे साडेतीन लाख मुलांचे वर्ग बंद पडले.

१६ सप्टेंबरच्या रविवारी नेत्यांनी समझोत्याचा मसुदा प्रतिनिधी सभेपुढे ठेवला. त्या दिवशीच मान्यता मिळेल आणि सोमवारी शाळा भरतील, अशी सर्वांची अटकळ होती. प्रतिनिधींनी मात्र मसुदा वाचल्याशिवाय मत देण्यास नकार दिला. सोमवारी महापौरांचे प्रशासन न्यायालयात गेले. आणि शिक्षक शाळांच्या फाटकांबाहेर, पदपथावर, कलमामागून कलम वाचीत बसले. १८ तारखेला सभेने संप मागे घेतला. त्या दोन दिवसांची झळ रोजंदारीवरील आईबापांना बसली, हे नाकारता येत नाही. तरीही सही करण्यापूर्वी कागद वाचण्याचा आग्रह शिक्षकांनीच धरायचा नाही, तर कोणी धरायचा?

या करारात मिळाले ते मर्यादितच. शिक्षकाच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या चाचणीगुणांचा वाटा कायद्याने सांगितलेल्या किमान पातळीवर रोखला गेला. परंतु शाळा चालू ठेवण्याची हमी त्यात नव्हती. मे २०१३ मध्ये मंडळाने सुमारे ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती.

२०१९ मध्ये पुन्हा संप झाला. शाळेचे ११ दिवस बुडाले. या वेळी शिक्षकांनी प्रत्येक शाळेत परिचारिका आणि समाजसेवक असावा, ही मागणी लावून धरली व ती टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याचे कलम लेखी करारात आणले. आजारी मुलाकडे पाहणारे माणूस शाळेत असणे ही शिक्षकाच्या नोकरीची अट आहे की नाही, यावर मतभेद होतील. निवासी शाळेत वाढलेल्यांना तरी त्याचे उत्तर शोधावे लागणार नाही.

एप्रिल २०२१ मध्ये राज्याने जुने निर्बंध उठविले. कॅरेन लुईस त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तल्या होत्या. वर्गातील विद्यार्थिसंख्या हा विषय वाटाघाटीच्या मेजावर घेणे आता मंडळाच्या मर्जीवर राहिलेले नाही.