निर्दुग्ध आहाराची मागणी आणि आपण

उपाहारगृहांच्या मोठमोठ्या साखळ्यांनी आपल्या पदार्थांच्या यादीत प्राणिजन्य घटक मुळीच नसलेले पदार्थ ठेवावेत, अशी मागणी प्राणिमित्र कार्यकर्ते गेली कित्येक वर्षे करीत आहेत. ही मागणी नेमकी काय आहे, तिला यश कोठे आले व कोठे आले नाही, आणि जेथे घरोघरी दुधाच्या बिलावर मीठमिरची चालते त्या आपल्या भागाने तिच्याकडे कसे पाहावे, याचा थोडक्यात विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गगनबावड्याहून अशा साखळीच्या दुकानात जायचे तर सुमारे ५५ किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठावे लागते. तेव्हा ‘हा आपला प्रश्नच नव्हे’ असे कोणी म्हणेल. पण दुकानातील चीजचा धागा गोठ्यापर्यंत येतो, हे विसरून चालणार नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपण ‘शाकाहारी’ म्हणतो तेव्हा दूध, दही, तूप त्यात गृहीतच असते. आपल्याकडील कायद्यानेही दूध व मध शाकाहारातच धरले असून अशा पदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. दूध, मध, अंडी यांपैकी काहीच न घेणाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन यांनी १९४४ साली ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची पहिली व शेवटची अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हा शब्द तयार केला आणि त्याच नावाची संस्था काढली. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. मी येथे ‘निर्दुग्ध आहार’ असे म्हणते. शब्द अपुरा आहे, पण आपल्याकडे खरी अडचण दुधापाशीच येत असल्याने तो चालून जावा.

कल्पना मात्र आपल्याला अगदीच परकी नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे १९१८ च्या मोठ्या आजारानंतर ते शेळीचे दूध घेऊ लागले, आणि व्रताचा शब्द पाळला तरी आत्मा राहिला नाही, अशी खंत त्यांनी आत्मकथेत बोलून दाखविली आहे. आहार आणि अहिंसा यांचा मेळ घालणे किती कठीण आहे, याचे याहून प्रामाणिक उदाहरण मला आठवत नाही.

आता साखळ्यांकडे वळू. कार्यकर्ते घरोघर न फिरता साखळ्यांच्याच मागे का लागतात? कारण उघड आहे. साखळीच्या शेकडो दुकानांत एकच यादी असते, माल ठरावीक पुरवठादारांकडून येतो आणि कंपनीला आपल्या नावाची काळजी असते. एका निर्णयाने शेकडो स्वयंपाकघरे बदलतात. म्हणूनच पत्रे, सह्यांची मोहीम, बहिष्कार, निदर्शने, कंपनीचे भाग विकत घेऊन भागधारकांच्या सभेत प्रश्न विचारणे, अशी साधने वापरली जातात.

भारतात मॅकडोनाल्ड्स १९९६ साली आले ते गोमांसाशिवाय, आणि शाकाहारी पदार्थांसाठी वेगळे स्वयंपाकघर व अंडेविरहित मेयोनेझ घेऊन. ग्राहकाच्या आहारापुढे बलाढ्य कंपनीही वाकते, हे त्यातून दिसले. मात्र २००१ साली अमेरिकेत वेगळेच प्रकरण उघडकीस आले. आपण शुद्ध वनस्पती तेल वापरतो असे कंपनीने तेथे १९९० साली जाहीर केले होते. प्रत्यक्षात बटाट्याच्या तळलेल्या कापांना गोमांसाच्या अर्काचा स्वाद दिला जात होता. हरीश भारती या सिअ‍ॅटलच्या वकिलांनी दावा लावला. कंपनीने माफी मागितली आणि २००२ साली तडजोडीत शाकाहारी, हिंदू व इतर संस्थांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतातील कापांत असा अर्क नसतो असे कंपनीने सांगितले होते. तरीही मे २००१ मध्ये ठाण्यातील दुकानाची मोडतोड झाली. न्यायालयाच्या मार्गाने गेलेल्याच्या पदरात माफी व भरपाई पडली, मोडतोड करणाऱ्यांच्या पदरात फुटक्या काचा. साधन आणि साध्य यांचा संबंध समजण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

पुढील काही वर्षांत मागणी ‘फसवू नका’ येथून ‘पर्याय द्या’ येथे आली. ‘पेटा’ या संस्थेने केएफसीविरुद्ध २००३ पासून मोहीम चालविली होती. कॅनडात २००८ साली समझोता झाला. कोंबड्यांच्या वागणुकीत सुधारणा करण्याबरोबरच शेकडो दुकानांत वनस्पतिजन्य ‘चिकन’चे सँडविच ठेवण्याचे तेथील दुकानचालकांनी मान्य केले आणि संस्थेने त्या देशातील बहिष्कार मागे घेतला. २०१७ च्या अखेरीस मॅकडोनाल्ड्सने फिनलंड व स्वीडनमध्ये ‘मॅकव्हीगन’ आणले. इंग्लंडमधील ग्रेग्ज या बेकरीच्या साखळीने, सुमारे वीस हजार सह्यांचा अर्ज आल्यानंतर, जानेवारी २०१९ मध्ये निर्दुग्ध सॉसेज रोल आणला आणि त्या वर्षी विक्री वाढली त्याचे काही श्रेय या पदार्थालाही दिले. सगळीकडे असे घडले नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचा ‘मॅकप्लांट’ २०२१ मध्ये काही दुकानांत आला, २०२२ मध्ये सुमारे सहाशे दुकानांत पोचला आणि पुरेसा खप न झाल्याने थांबला. सह्या करणारे सगळे पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक होतातच असे नाही, हा त्यातील धडा.

आपल्या देशातही हालचाल झाली. रितेश व जेनेलिया देशमुख यांनी २०२१ साली ‘इमॅजिन मीट्स’ ही वनस्पतिजन्य मांसाची कंपनी काढली, आणि २०२२ मध्ये स्टारबक्सने तिच्या साह्याने भारतातील दुकानांत निर्दुग्ध पदार्थ ठेवले. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने निर्दुग्ध अन्नासाठी स्वतंत्र नियम केले. त्याच्या हिरव्या बोधचिन्हात इंग्रजी ‘व्ही’ अक्षर व पान आहे. हिरवा ठिपका पाहून फसगत होण्याचे आता कारण उरलेले नाही.

खरा वाद पेटला तो मे २०२१ मध्ये. पेटाच्या भारतीय शाखेने अमूलला पत्र लिहून वनस्पतिजन्य दुधाकडे वळण्याचा सल्ला दिला. अमूलचे तत्कालीन प्रमुख आर. एस. सोढी यांनी उलट विचारले की, देशातील दहा कोटी दूध उत्पादकांना, ज्यांतील बहुतेक भूमिहीन आहेत, पोट कोण देणार? त्यानंतर काही महिन्यांतच सोया व बदामाच्या पेयांना ‘दूध’ म्हणून विकण्यास प्राधिकरणाने मनाई केली.

सोढींचा प्रश्न माझ्या घरचा प्रश्न आहे. आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायचे, फॅट लागेल तसा दर घ्यायचा, दहा दिवसांनी बिल. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा दूध संघाने, म्हणजे आपल्या ‘गोकुळ’ने, हे जाळे वाडी-वस्तीपर्यंत नेले. येथे पाऊस अतोनात, जमिनीचे तुकडे लहान. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा महिन्यातून तीनदा. माझी महाविद्यालयाची फी त्यातूनच गेली आहे. गोठा म्हणजे छळछावणी असे कोणी भिंतीवर लिहिले, तर पहाटे चारला उठून वैरण घालणाऱ्या माझ्या आईला ते कसे वाचून दाखवावे, हे मला कळत नाही.

पण म्हणून कार्यकर्त्यांचे सर्व म्हणणे खोटे ठरत नाही. म्हशीला रेडी झाली तर घरात आनंद होतो; रेडकू झाले तर त्याच्या वाट्याला किती दूध येते, हे गोठा पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला औताचे काम उरले नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हैस-रेडा त्या बंदीबाहेर आहेत. म्हणजे दूध देणाऱ्या व्यवसायाची एक बाजू कसायाच्या दारापर्यंत जाते. शहरातला दूध पिणारा शाकाहारी स्वतःला त्यापासून अलिप्त समजतो. तो हिशेब गोठेवाल्याच्या माथी मारून मोकळे होणे न्याय्य नाही.

मग मार्ग कोणता? माझ्या मते, पर्यायाची मागणी आणि बंदीची मागणी यांत फरक केला पाहिजे. शंभर पदार्थांत पाच निर्दुग्ध असावेत, त्यावर स्पष्ट खूण असावी, तळणीची कढई वेगळी असावी, त्यासाठी जादा पैसे घेऊ नयेत, एवढे मागणे वाजवी आहे. त्याने आमच्या डेअरीचे कॅन रिकामे राहणार नाहीत. ज्याला दूध पचत नाही अशा माणसाचीही त्यात सोय आहे. दुधाला पर्याय देण्याच्या नावाखाली दूधवाल्याला गुन्हेगार ठरविणे, किंवा कोणाच्या ताटात काय आहे यावरून त्याची पायरी ठरविणे, हे मात्र नवे सोवळे होईल. महाराष्ट्राने जुने सोवळे पुष्कळ सोसले आहे. तसेच, निर्दुग्ध आहार घेणाऱ्याला ब-१२ जीवनसत्त्व वेगळे घ्यावे लागते, हेही प्रचारकांनी तितक्याच मोठ्या आवाजात सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. निर्दुग्ध पदार्थ म्हणजे परदेशी कृत्रिम मांसच, ही समजूत चुकीची आहे. दादरला १९६६ च्या सुमारास सुरू झालेला वडापाव, तेलावरचा झुणका व नाचणीची भाकरी, दह्याशिवायची मिसळ, नारळाच्या दुधातली सोलकढी हे सारे मुळातच निर्दुग्ध आहे. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीतील दोन चपात्या, भाजी, वरण व भात यांतही दूध लागत नव्हते, आणि तिची किंमत होती दहा रुपये. साखळ्यांनी आमची नाचणी आणि कडधान्ये विकत घेतली, तर हीच चळवळ डोंगरी शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल. कार्यकर्त्यांनी कंपन्यांना लिहायच्या पत्रात हे एक वाक्य अवश्य घालावे.

दुधाचा धंदा उद्या बंद पडेल असे मला वाटत नाही. पण रेडकाचा प्रश्न कोणी विचारूच नये, असेही वाटत नाही. आपल्या दूध संस्थांनी नर वासरांच्या संगोपनाचा विचार स्वतःहून सुरू केला, तर टीकाकारांना उत्तर देण्यासाठी जाहिरातीची गरज पडणार नाही. आपल्या महाविद्यालयातील अनेकांच्या घरी गोठा आहे. या विषयावर सर्वांत अधिकाराने बोलू शकतील ते आपणच. तेव्हा वर्गात आणि घरी ही चर्चा व्हावी, एवढेच सुचवावेसे वाटते.