वाळलेल्या झाडांची वही

सकाळी तोडलेले फूल संध्याकाळी कोमेजते. मग साडेचारशे वर्षांपूर्वी तोडलेले झाड आजही पाहायला मिळते, असे कोणी सांगितले तर? गंमत वाटेल. पण ते खरे आहे.

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. तिथे लायडेन शहरातल्या संग्रहालयात एक जुने जाड पुस्तक आहे. त्याच्या पानांवर सुमारे ५०० वाळलेल्या वनस्पती चिकटवल्या आहेत. 'एन टिबी' हे त्याचे नाव. हे शब्द लॅटिन भाषेतले. अर्थ असा, की 'हे घ्या, तुमच्यासाठी'.

हे पुस्तक इटली देशात बोलोन्या शहरी, सन १५५८ च्या सुमारास तयार झाले. पेट्रोलिनी नावाच्या वैद्याने ते केले, असे अभ्यासकांचे मत आहे.

असे पुस्तक कशाला हवे होते? त्या काळी बरीचशी औषधे झाडपाल्याची असत. वैद्याला झाड नीट ओळखता आले पाहिजे. औषधाऐवजी विषारी पाला पोटात गेला, तर जिवावर बेतते. पण थंडीत तिकडची पुष्कळ झाडे सुकून जातात. मग शिकणाऱ्यांना दाखवायचे काय? लुका गिनी नावाचे एक शिक्षक तिथे होते. झाडे कागदात दाबून वाळवायची आणि वहीत चिकटवायची, ही रीत पसरवण्याचे श्रेय त्यांना देतात.

या पुस्तकात एक ओळखीचे झाड आहे. ते म्हणजे टोमॅटो! टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. तो युरोपात नवा होता, तेव्हाचे हे झाड आहे. अभ्यासकांनी त्याची तपासणी केली आणि सन २०२२ मध्ये निष्कर्ष छापला. तो टोमॅटो रानटी नव्हता. मेक्सिको आणि पेरू या देशांतल्या शेतकऱ्यांच्या वाणांशी त्याचे नाते जुळले. म्हणजे शेतकऱ्यांनी तो आधीच लावून, निवडून सुधारला होता. त्या शेतकऱ्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा मात्र एका वाळक्या झाडाने जपला.

आपल्याकडेही असे संग्रह आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात सन १९०६ मध्ये असा एक संग्रह सुरू झाला. त्याला ब्लॅटर यांचे नाव दिले आहे.

तुम्हांलाही अशी वही करता येईल. पाने, फूल, जमल्यास फळ, असे सगळे असलेली लहान फांदी घ्या. ती रद्दी वर्तमानपत्रात पसरून ठेवा. वर जड दगड ठेवा. कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. फांदी पूर्ण वाळली, की जाड कागदावर चिकटवा. वही कोरड्या जागी ठेवा. कसर लागू देऊ नका.

आता खरे महत्त्वाचे काम. कागदावर तारीख, गाव, जागा आणि झाडाचे नाव लिहा. कुठे एकाच झाडाला टाकळा म्हणतात, कुठे तरोटा. म्हणून गावातली सगळी नावे लिहा. म्हातारी माणसे त्याचा उपयोग काय सांगतात, तेही लिहा. मात्र वहीत लिहिले आहे, एवढ्यावरून कुठलाही पाला औषध म्हणून खाऊ नका.

लिहिले नाही, तर ते नुसते वाळके गवत. लिहिले, की ती गावाची माहिती झाली. आणि लिहायला तर तुम्ही आता शिकलाच आहात!

सांगा पाहू :
१. वैद्यांना वाळलेली झाडे का लागत?
२. कागदावर काय काय लिहावे?
३. तुमच्या शिवारातली कोणती पाच झाडे वहीत ठेवाल?