उंबरठा एक, वाटा दोन

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शस्त्रे उचलणारे शाक्य आणि कोलीय परस्परांचे सोयरेच होते. आपल्या सावलीजवळील वैनगंगेपलीकडेही आप्तच आप्तांसमोर उभे ठाकले. गडचिरोलीच्या अरण्यात १९८० च्या सुमारास नक्षल चळवळ आली. तिच्या दलमांत गावोगावची मुले-मुली गेली. १९९० मध्ये पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले, तेही स्थानिक तरुणांचेच. बोली एक, रान एक. एक लेक दलममध्ये आणि दुसरा पोलिसांत असेल, तर आईने कोणाचा विजय इच्छावा? तिचे मौन ही फितुरी नव्हे. दोघेही जिवंत परतावेत, हीच तिची निष्ठा. २००५ पासूनच्या शासकीय आत्मसमर्पण योजनेने परतीची वाट दिली. परंतु परतणाऱ्यास सामावून घेणारा उंबरठा घरालाच राखावा लागतो.